दूध पोटभर, तरी अंगी लागेना : व्हीगन घरातल्या दीड वर्षाच्या मुलीचं प्रकरण

सगळ्यात नेमका प्रश्न आजीने विचारला. "एवढं दूध पिते पोर, मग अंगी का लागत नाही?" आईबाबा शेजारी बसले होते. दोघांनाही तो प्रश्न नवा नव्हता. घरात तो रोज निघत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मी लहान मुलांच्या आहाराचं काम करते. या मुलीला बालरोगतज्ज्ञांनी माझ्याकडे पाठवलं तेव्हा ती बरोबर अठरा महिन्यांची होती. घर पूर्ण व्हीगन. प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून दोघांनी लग्नाआधीच दूध, अंडी, मांस सगळं सोडलेलं. आईने तेराव्या महिन्यापर्यंत अंगावर पाजलं होतं आणि स्वतः बी-१२ च्या गोळ्या नियमित घेतल्या होत्या. अंगावरचं दूध बंद झाल्यावर त्यांनी बाजारात मिळणारं बिनसाखरेचं बदाम दूध सुरू केलं. आई मला म्हणाली, "आम्ही दूध बंद नाही केलं हो, फक्त बदललं."

हे सगळं प्रकरण त्या वाक्याभोवतीच फिरतं, म्हणून ते इथे नोंदवते. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

तक्त्यावर काय दिसत होतं

बाराव्या महिन्यात वजन ८.८ किलो होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलींचं मध्यम वजन ८.९ किलो आहे, म्हणजे मूल अगदी मधल्या रेषेवर होतं. पंधराव्या महिन्यात ९ किलो, अठराव्यात ८.९. या वयाचं मध्यम वजन १०.२ असतं, आणि तिच्या रेषेने आता खालची एक रेषा ओलांडली होती. उंची मात्र ८० सेंटिमीटर, म्हणजे ठीक. आधी वजन अडतं आणि उंचीवर परिणाम दिसायला वेळ लागतो. तो वेळ अजून आपल्या हातात होता.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ७. या वयात हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली आणि फेरिटिन १२ च्या खाली गेलं की लोह कमी पडल्यामुळे झालेला रक्तक्षय समजतात. बी-१२ होतं, पण अगदी काठावर. बाळ चिडचिडं झालं होतं, रात्री तीनदा उठून बाटली मागायचं आणि ताटासमोर बसलं की तोंड फिरवायचं.

आधी एक गोष्ट साफ सांगते. अशी मुलगी समोर आली की "गाईचं दूध सुरू करा, सगळं मार्गी लागेल" असं सांगण्याचा मोह डॉक्टरांना, आजीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांनाच होतो. मला तो होत नाही. या आईबाबांची भूमिका विचारांती घेतलेली होती. ती मोडून काढणं माझं काम नव्हतं, आणि तशी गरजही नव्हती. व्हीगन आहार लहान मुलांना चालतो का, यावर तज्ज्ञांच्या संस्थांमध्येच एकमत नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१६ साली म्हटलं की नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर पुरेसा असतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने बाळांना आणि मुलांना तो सुचवत नाही असं सांगितलं. पण "नीट आखलेला" या दोन शब्दांवर आणि बी-१२ वेगळं द्यावंच लागतं यावर दोन्हीकडे वाद नाही. आईबाबांनाही मी हेच सांगितलं. आखणीत चूक कुठे झाली ते शोधू, विचार तुमचाच राहील. त्यानंतर बाबांनी खुर्ची जरा पुढे ओढली. तोवर ते दाराजवळच बसले होते.

खोक्यावरची ओळ

मी त्यांना दुधाचा खोका सोबत आणायला सांगितलं होतं. समोरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, दुधाइतकंच कॅल्शियम. ते खरंही होतं. १०० मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, गाईच्या दुधात असतं तेवढंच. आईने खोका याच ओळीवर निवडला होता, आणि तिच्या जागी कोणीही तसाच निवडला असता.

मग मी खोका उलटा केला. घटकांची यादी : पाणी, बदाम २ टक्के, कॅल्शियमचा क्षार, मीठ, घट्टपणासाठी डिंक, डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं. पोषणाच्या कोष्टकात १०० मिलीमागे १३ किलोकॅलरी आणि प्रथिनं अर्धा ग्रॅम.

कागद घेऊन आम्ही हिशोब मांडला. २४० मिलीच्या तीन बाटल्या दिवसा, आणि रात्रीच्या उठण्यात मिळून पाऊणशे-शंभर मिली. दिवसाला साधारण ८०० मिली. त्यात बदाम २ टक्के म्हणजे १६ ग्रॅम. एक बदाम सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे दिवसभरात तेरा बदाम, बाकी पाणी. या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात, आणि पोटाची बहुतेक जागा अडवणाऱ्या या ८०० मिलीतून तिला मिळत होत्या जेमतेम शंभर. प्रथिनं ४ ग्रॅम. तेवढंच पूर्ण स्निग्धांशाचं गाईचं दूध असतं तर पाचशेच्या वर किलोकॅलरी आणि २६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली असती.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं. पोट भरत होतं पाण्याने. भरल्या पोटी मूल जेवत नव्हतं, जेवत नाही म्हणून आई काळजीने आणखी एक बाटली देत होती. तीन दिवसांच्या खाण्याच्या नोंदीतून सगळं मिळून ६०० किलोकॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं ११ ग्रॅम निघाली. लोह तर नावापुरतंच. बदाम दुधात ते जवळपास नसतं, आणि ज्या डाळी-कडधान्यांतून मिळालं असतं ते ताटातच राहत होतं. वर जेवणाबरोबरच बाटली आली की दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. कॅल्शियम मात्र दिवसाला ९६० मिलिग्रॅम जात होतं. १ ते ३ वर्षांसाठी अमेरिकेची शिफारस ७०० ची आहे आणि ब्रिटनची ३५० ची. म्हणजे ज्या एका गोष्टीची काळजी घेतली गेली होती, ती गरजेपेक्षा जास्तच मिळत होती.

घरी केलेल्या बदाम दुधाबद्दल आजीने विचारलं. त्यांना बाजारच्या खोक्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्या कधीकधी दहा बदाम भिजवून, वाटून, गाळून पेलाभर दूध करत. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच उत्तर खरं द्यावं लागलं. दहा बदामांत मुळातच कॅल्शियम असतं ३० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि गाळल्यावर प्रथिनांचा आणि तेलाचा मोठा हिस्सा चोथ्यात जातो. वरून काही घातलेलं नसतं. मी त्यांना म्हटलं, "आजी, तो चोथा टाकू नका. बदाम अगदी गुळगुळीत वाटून तिच्या लापशीत घाला, गाळूच नका." हे त्यांना लगेच पटलं. (अख्खे किंवा तुकडे केलेले बदाम-शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांना द्यायचे नाहीत, घशात अडकतात. पेस्ट चालते.)

मग दुसरं कुठलं दूध?

बाबांनी घरूनच चार नावं लिहून आणली होती : सोया, ओट, तांदूळ, नारळ. एकेक खोडत गेलो.

तांदळाचं दूध पहिल्यांदा खोडलं. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक ओढून घेतो. ब्रिटनची आरोग्य सेवा पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय देऊच नका म्हणते. शिवाय त्यात प्रथिनं नसल्यातच जमा. २००१ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन बाळांची हकिकत छापून आली होती. त्यातलं एक २२ महिन्यांचं. तांदळाच्या पेयावर वाढत होतं आणि क्वाशिओरकोर होऊन, म्हणजे प्रथिनांच्या टोकाच्या अभावाने अंगावर सूज येऊन, दवाखान्यात आलं. दुसरं १७ महिन्यांचं. त्याला मिळणारं सोया पेय पोषकद्रव्यं न घातलेलं होतं आणि त्याला मुडदूस झाला होता. दोन्ही घरांत पालक प्रेमाने, आरोग्यदायी समजूनच ते पाजत होते. ही हकिकत मी प्रत्येक अशा पालकांना सांगते. भीती घालायची म्हणून नाही. "दूध" हा शब्द किती फसवू शकतो हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

नारळाचं पेय खोडलं. त्यातही प्रथिनं नाहीत. ओटचं दूध चवीला मुलांना आवडतं, ऊर्जा बदामापेक्षा बरी, १०० मिलीमागे ४० ते ५०, पण प्रथिनं एक ग्रॅमच्या आतच. स्वयंपाकात वापरायला हरकत नाही, मुख्य दूध म्हणून नको.

उरलं सोया. १०० मिलीमागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं, गाईच्या दुधाच्या जवळ, आणि प्रथिनांचा दर्जाही वनस्पतींमध्ये उत्तम. वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेली काही पेयंही याच्या जवळ जातात, पण खोक्यागणिक फरक फार. सोयाची उणी बाजू म्हणजे ऊर्जा. बिनसाखरेच्या सोया दुधात ३५ ते ४० किलोकॅलरी असतात, गाईच्या पूर्ण दुधात ६० च्या वर. ४०० मिलीमागे शंभरेक किलोकॅलरीची तूट येते. ती भरायला जेवणात अडीच चमचे तेल जास्तीचं लागतं. एवढं साधं आहे, पण ते कुणीतरी सांगावं लागतं.

सोयातल्या आयसोफ्लेव्होनबद्दल बाबांना शंका होती. मुलींना त्रास होतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ही द्रव्यं स्त्रीसंप्रेरकाशी रचनेने मिळतीजुळती असतात हे खरं, आणि म्हणूनच सहा महिन्यांखालच्या बाळाला केवळ सोया फॉर्म्युलावर, म्हणजे बाळांसाठीच्या सोयाच्या डबाबंद दुधावर, वाढवायचं तर डॉक्टरांना विचारूनच, अशी सावधगिरी सांगितली जाते. पण दीड वर्षाच्या, इतर जेवण जेवणाऱ्या मुलीला दिवसाला ४०० मिली सोया दूध आणि थोडा टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, दिल्याने वाढीत बिघाड होतो असं दिसून आलेलं नाही. सोया फॉर्म्युलाच सुरू करावा का, हेही बोललो. त्यात लोह आणि आयोडीन असतं ही मोठी सोय. पण तो बहुधा ग्लुकोज सिरपने गोड केलेला असतो, बाटलीची सवय लांबते, आणि त्यातलं डी-३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढलेलं असतं, जे या घराला चालणार नव्हतं. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी-३ वेगळं मिळतं. फॉर्म्युला बाजूला ठेवला.

काय ठरलं

दूध दिवसाला ४०० मिलीच्या आत, बिनसाखरेचं सोया, उघड्या कपातून, जेवणाआधी नाही आणि जेवणाबरोबरही नाही. रात्रीची बाटली दहा दिवसांत हळूहळू कमी करून बंद.

जेवणात तीन बदल. प्रत्येक जेवणात एक चमचा तेल वरून. रोज एक मोठा चमचा शेंगदाण्याची किंवा बदामाची गुळगुळीत पेस्ट, ज्यातून ९० च्या वर किलोकॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आणि दोन्ही मुख्य जेवणांत डाळ, कडधान्य किंवा टोफू, सोबत लिंबू किंवा आंबट फळ, कारण सी जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह चांगलं शोषलं जातं. टोफू कॅल्शियमचा क्षार घालून घट्ट केलेला घ्यायचा.

एक गोष्ट आईला धक्का देऊन गेली. घरात सगळं कोंड्यासकट, सालासकट होतं. मी म्हटलं, तिच्यासाठी निम्मं धान्य कोंडा काढलेलं चालेल, डाळी साल काढलेल्या घ्या. लहान पोटात जास्त फायबर गेलं की पोट लवकर भरतं आणि ऊर्जा कमी पडते. मोठ्यांसाठी जे चांगलं ते दीड वर्षाच्या मुलाला त्याच मापाने चांगलं नसतं. पालकाच्या भाजीवरही कॅल्शियमसाठी भिस्त नको म्हटलं. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि शोषण होतं वीस भागांतला एक. दुधातलं किंवा टोफूतलं साधारण तीनात एक.

लोहाचं औषध डॉक्टरांनी दिलं, किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम. बी-१२, डी आणि आयोडीन असलेले थेंब सुरू केले. आयोडीनबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण ते सगळ्यात जास्त विसरलं जातं. ज्या मुलांच्या आहारात गाईचं दूध असतं त्यांना आयोडीन बरंचसं तिथूनच मिळतं. वनस्पतीजन्य दुधात बहुतेक वेळा ते घातलेलंच नसतं. आयोडीनयुक्त मीठ हा मार्ग मोठ्यांचा. एवढ्याशा मुलीला मीठच कमी द्यायचं असतं. समुद्री शेवाळाची पूड तर नकोच, तिच्यातलं आयोडीन कधी फार कमी तर कधी धोकादायक इतकं जास्त असतं. या वयाला अमेरिकेची शिफारस ९० मायक्रोग्रॅमची आहे. थेंब निवडताना बाटलीवर आयोडीन हा शब्द शोधायचा.

सहाव्या आठवड्यातली चूक

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.८ वरून ११ वर गेलं होतं. लोह लागू पडत होतं. सहाव्या आठवड्यात वजन ९.३. मूल ताटाकडे हात करायला लागलं होतं. सगळे खूश होते, मीही.

बोलता बोलता मी आईला विचारलं, खोका ओतण्याआधी हलवता ना? घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर वरच्या दुधात ते फार कमी येतं. ती म्हणाली, "हो, तुम्ही सांगितल्यापासून हलवतेच. आधीच्या खोक्यात शेवटी पांढरी पूड राहायची. हल्ली तळाशी काहीच बसत नाही."

हे ऐकून मी थांबले. संध्याकाळी तिच्याकडून खोक्याचा फोटो मागवला. घटकांची यादी दोन शब्दांची होती : पाणी, सोयाबीन. त्यांनी जास्त चांगलं म्हणून त्याच दुधाचा सेंद्रिय प्रकार आणायला सुरुवात केली होती, महिना झाला होता. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत अशा पेयात वरून कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वं मिसळायला परवानगी नसते, आणि अन्यत्रही अनेक सेंद्रिय खोके असे साधेच असतात. प्रथिनं होती तेवढीच, पण कॅल्शियम जवळजवळ गेलेलं. डी आणि बी-१२ थेंबांतून जात होतं म्हणून तिथे निभावलं.

यात आईची चूक नव्हती. मी तिला दिलेल्या कागदावर "बिनसाखरेचं सोया दूध" एवढंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी खोका उलटा करून तासभर समजावलं, आणि कागदावर मात्र तेच एक नाव लिहून दिलं, ज्या नावावर विसंबून राहिल्यामुळे हे प्रकरण मुळात घडलं होतं. तेव्हापासून मी दुधाचं नाव लिहून देत नाही, खोक्याच्या मागे काय वाचायचं ते लिहून देते : १०० मिलीमागे प्रथिनं ३ ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम, घटकांत साखर नाही, डी आणि बी-१२ घातलेलं, आयोडीन असेल तर उत्तम. पाच ओळी. त्या ओळी जुळल्या तर खोका कोणताही चालेल.

पुढे

एकविसाव्या महिन्यात वजन ९.९, म्हणजे मागे पडलेली रेषा परत ओलांडून वर. चोविसाव्यात १०.८. मध्यम वजन ११.५ आहे, पण मला तिला तिथे ढकलायचं नाही. मुलगी स्वतःच्या वेगाने वर चालली आहे आणि तीन महिने तिने तो वेग सोडलेला नाही, हे पुरेसं आहे. लोहाचं औषध हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने चालू ठेवलं, साठा भरावा म्हणून. फेरिटिन आता २६ आहे. रात्री उठणं बंद झालं. बाटली कपाटाच्या मागे गेली आहे. मध्ये एकदा तापात ती पुन्हा निघाली, चार दिवसांनी परत गेली, त्यात काही बिघडलं नाही.

आजी गेल्या भेटीला आल्या होत्या. त्यांनी वाटलेल्या बदामाची वाटी दाखवायला आणली होती, बोटाने चोळून बघा म्हणाल्या, एक कण लागणार नाही. मी चोळून पाहिलं. खरंच लागला नाही.

मुलगी आता पाळणाघरात जाणार आहे. तिथे कोणतं दूध ओततील हे आपल्या हातात नसतं, म्हणून पाच ओळींचा तो कागद आई तिथेही देणार आहे, आणि तिच्या नावाचा खोका घरूनच जाईल. पुढची भेट सहा महिन्यांनी. बी-१२ आणि फेरिटिन पुन्हा तपासायचं, उंची मोजायची, आणि येताना त्या आठवड्यात घरात जो खोका असेल त्याच्या मागच्या बाजूचा ताजा फोटो आणायचा.